शब्दमर्यादा आणि आमचा पाल्हाळ

कोणत्याही कामास मर्यादा घालून दिली म्हणजे मनुष्य प्रथम त्या मर्यादेवर रागावतो, नंतर ती घालणारावर रागावतो, आणि काम तेवढ्यात बसते की काय हे पाहण्याची बुद्धी त्यास सर्वांच्या शेवटी होते. परदेशच्या विद्यापीठांत प्रवेश मागणाऱ्या मुलांच्या घरी दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे जो एक विलाप ऐकू येतो, तो याच जातीचा आहे. मुलाने अर्जासोबत द्यावयाचा निबंध लिहिलेला असतो; तो अकराशे-बाराशे शब्दांचा झालेला असतो; अर्जाचा नमुना साडेसहाशेच शब्द घेतो; आणि मग वडील, मामा, शेजारचे निवृत्त हेडमास्तर व स्वतः चिरंजीव असे सर्वजण मिळून त्या दूरदेशच्या अधिकाऱ्यांस दूषणे देऊ लागतात. सतरा वर्षांचे आयुष्य साडेसहाशे शब्दांत मावावे कसे, हे त्या विलापाचे पालुपद. आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. ही मर्यादा जुलूम नव्हे. ज्यास सांगण्यासारखे खरोखर काही आहे, त्या मुलाची ती कैवारी आहे. निबंध लांबतो तो आयुष्य मोठे असते म्हणून नव्हे, तर त्या आयुष्याखेरीज इतर सर्व काही त्यात भरलेले असते म्हणून.

हा विषय मूठभर श्रीमंतांचा आहे, असे कोणी म्हणेल तर तो काळ आता गेला. वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झाला. २०१८ साली सरकारने त्यास 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत घातले. मागासलेला म्हणावयाचे ते सौजन्याने आकांक्षित म्हटले, हे कोणासही कळते. परंतु शब्द अनवधानाने खरा ठरला आहे. रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, मानोरा येथील शिक्षकांची, लहान शेतकऱ्यांची व दुकानदारांची मुले-मुली आज परदेशचे अर्ज भरीत आहेत. ज्यांच्या घरात इंग्रजी पत्र लिहिणारे पूर्वी कोणी नव्हते, अशीही मुले त्यांत आहेत. त्यांचा प्रश्न हा म्हणून आपल्या सर्वांचा प्रश्न आहे.

प्रथम या मर्यादा काय आहेत ते पाहू. अमेरिकेतील एक हजाराहून अधिक महाविद्यालये 'कॉमन ॲप्लिकेशन' नावाच्या एका समाईक अर्जावर प्रवेश देतात. त्यातील मुख्य निबंध कमीत कमी २५० व जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असावा, असा नियम २०१३ पासून चालत आला आहे. इंग्लंडमध्ये 'यूकास' या संस्थेमार्फत अर्ज जातात. तेथे शब्द मोजीत नाहीत, अक्षरे मोजतात, आणि दोन शब्दांमधील मोकळी जागासुद्धा हिशेबात धरतात. एकूण ४००० अक्षरे. २०२६ च्या प्रवेशापासून त्या निवेदनाचे तीन प्रश्न केले आहेत. हाच विषय का शिकावयाचा, आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय तयारी केली, असे ते तीन प्रश्न. प्रत्येकास निदान ३५० अक्षरे लिहिलीच पाहिजेत. पण एकूण आकडा ४००० चा ४००० च राहिला. पाणिनीने संस्कृत भाषेचे व्याकरण सुमारे ४००० सूत्रांत बसविले. आमच्या चिरंजिवांस स्वतःचा विद्याव्यासंग ४००० अक्षरांत बसवितांना धाप लागते.

आता आक्षेपकांकडे वळू. पहिला पक्ष असा की, ही मर्यादा म्हणजे उद्दामपणा आहे. ज्यांस आमचे ऐकावयाचे नाही त्यांनीच घड्याळ लावून बसावे. यावर आम्ही इतकेच विचारतो की, तारेच्या वेळी हा स्वाभिमान कोठे होता? आपल्या देशात तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तोपर्यंत तारेला शब्दावर पैसे पडत, आणि ज्यास लिहिता येत नव्हते तो शेतकरीदेखील तारमास्तरापुढे उभा राहून कोणता शब्द ठेवावा व कोणता गाळावा याचा अचूक निवाडा करी. आई अत्यवस्थ आहे, लगेच नीघ, एवढे कळविण्यास त्यास चार-पाच शब्द पुरत. आपल्या मातृभक्तीचा संकोच झाला, अशी तक्रार तारखात्याकडे कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कारण उघड आहे. काय सांगावयाचे ते त्यास ठाऊक होते. ज्यास ते ठाऊक नाही, त्यास हजार शब्दही अपुरे पडतात.

शिवाय मर्यादेने कोणाचे नुकसान होते याचा हिशेब नीट मांडला पाहिजे. ज्या मुलाचे वडील त्यास सुट्टीत तीन देश दाखवून आणतात, ज्याच्या नावावर वादविवादाची पदके, पियानोची प्रमाणपत्रे आणि सेवाभावी संस्थांची शिफारसपत्रे आहेत, त्यास पाने मोकळी सोडली तर तो वीस पाने लिहील. त्यालाही ६५० शब्द आणि मानोऱ्याच्या मुलीलाही ६५० शब्द. सबंध अर्जात दोघांस अगदी सारखी मिळणारी वस्तू फार तर ही एकच असेल. तीच मोडावी म्हणून ज्यांच्याजवळ थोडे आहे त्यांनीच आरडाओरडा करावा, हा आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेण्याचा प्रकार आहे.

याचा अर्थ आम्ही या प्रवेशनिबंधाचे भाट आहोत असा कोणी करू नये. त्याचा इतिहास सोवळा नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या विद्यापीठांस आपल्याकडे ज्यू विद्यार्थी फार येतात असे वाटू लागले. निव्वळ परीक्षेच्या गुणांवर त्यांस अडविता येईना, तेव्हा उमेदवाराचे 'चारित्र्य', त्याचे कुल, त्याची वागणूक यांची चौकशी अर्जातून सुरू झाली. जेरोम काराबेल या समाजशास्त्रज्ञाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही सर्व हकीकत कागदपत्रांनिशी मांडली आहे. तेव्हा निबंध मागणे हे नेहमी गुणग्राहकतेचेच लक्षण असते, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचा मुद्दा एवढाच की, निबंध मागावयाचाच असेल तर तो आखूड मागावा. कारण निबंध जितका लांब, तितकी त्यात कुलाची व खानदानी वळणाची मिरवणूक काढण्यास जागा अधिक.

दुसरा पक्ष अधिक विद्वान आहे. तो म्हणतो की, संक्षेप हा पाश्चात्यांचा गुण. आमची संस्कृती विस्ताराची, आमचे मन रसाळ, आम्हांस मोजूनमापून बोलणे जमावयाचे नाही. हे बोलणारे लोक वाशिमात बसून बोलतात, याचे आम्हांस विशेष हसू येते. ज्या गावात आपण राहतो त्याचे जुने नाव वत्सगुल्म, आणि ती वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, हे त्यांनी निदान ऐकले असेल. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांची कथा सांगितली आहे. ती वधू त्या रुसलेल्या पुरुषामागे देशोदेशी हिंडते. पूर्वेकडे त्याचे मन अजून वळलेले नसते. तेथे तो लांबच लांब समासांनी भरलेले बोलतो, ती गौडी रीती. पुढे जसजसा तो वश होत जातो तसतसे त्याच्या बोलण्यातील समास गळू लागतात. आणि तो पूर्ण वश झाला म्हणजे जे सुटे, निर्मळ बोलतो ती वैदर्भी. त्या दोघांचा विवाह राजशेखर लावतो तो विदर्भातील वत्सगुल्म नगरात, म्हणजे याच वाशिमात. दंडीनेही काव्याचे दहा गुण हे वैदर्भ मार्गाचे प्राण म्हणून सांगितले आहेत. तेव्हा मोकळी, अवडंबररहित वाणी ही विलायतेहून आलेली चीज नसून ती आमच्या दारची आहे. मनाचे मीलन झालेले नसते तोवरच जीभ समासांचे चऱ्हाट वळते, हा राजशेखराच्या कथेचा अर्थ प्रवेशनिबंध लिहिणाराने भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी आपल्याकडे जुनी ख्याती आहे. सूत्रवाङ्मय ज्या देशात जन्मले त्या देशास संक्षेप परका कसा? आणि मराठीपुरतेच बोलावयाचे तर चांगदेवाची कथा कोणत्या घरात माहीत नाही? चौदाशे वर्षांच्या त्या योग्याने ज्ञानदेवांस पत्र लिहावयास घेतले, पण वयाने लहान व ज्ञानाने मोठ्या अशा या मुलास आशीर्वाद लिहावा की नमस्कार, याचा निर्णय होईना. म्हणून त्याने कोराच कागद धाडला. इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाली, अशी आख्यायिका आहे. ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदास जे उत्तर दिले ते अवघ्या ६५ ओव्यांचे. ज्यांनी गीतेवर सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या त्यांना विस्तार येत नव्हता, असे तर कोणी म्हणणार नाही. कोठे विस्तार व कोठे संक्षेप हे त्यांना कळत होते, एवढेच. आणि चांगदेवाची अडचण आमच्या विद्यार्थ्यांच्या अडचणीशी किती जुळते पाहा! वाचणारा कोण आणि त्याच्यापुढे आपण कोण, हे ठरले नाही म्हणून त्याचा कागद कोरा राहिला. त्याच कारणाने आमच्या मुलांचे कागद भरून वाहतात.

तिसरा आक्षेप मात्र खरा वजनदार आहे, आणि त्यास बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. बोस्टनचा मुलगा 'समर कॅम्प' असे दोन शब्द लिहितो आणि वाचणाराच्या डोळ्यांपुढे सबंध चित्र उभे राहते. आमच्या मुलीने 'तांडा' लिहिले तर तांडा म्हणजे काय, तेथे कोण राहतात, त्यांची बोली कोणती, हे सांगण्यात तिचे साठ शब्द जातात. खरीप, सातबारा, आश्रमशाळा, पोळा, या प्रत्येक शब्दावर तिला एक जकात भरावी लागते आणि त्या दुसऱ्या मुलास ती माफ आहे. शब्दसंख्या सारखी असली तरी शब्दांची किंमत सारखी नाही, हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. परंतु यावर उपाय मर्यादा वाढविणे हा नव्हे. कारण मर्यादा दुप्पट केली तरी बोस्टनवाल्यासही ती दुप्पट मिळेल आणि जकात होती तेथेच राहील. उपाय असा की, व्याख्या देऊ नये, काम दाखवावे. आमच्या तांड्याच्या शेवटच्या घरापासून तीनशे पावलांवर दोन विहिरी आहेत, असे लिहिले की तांडा ही एक लहान वस्ती आहे हे कोणाही शहाण्या वाचकास व्याख्येवाचून समजते. जी गोष्ट कृतीत शिरते तिचा अर्थ वाचणारा आपण होऊन लावतो. जी गोष्ट कृतीत शिरत नाही, केवळ सजावटीसाठी आणलेली असते, तिचीच व्याख्या द्यावी लागते. आणि तिला निबंधात मुळी स्थानच नसावे.

मग हा पाल्हाळ येतो कोठून? तो मुलांच्या स्वभावातून येत नाही. सात वर्षांचे पोर आपल्या आईजवळ तक्रार करिते तेव्हा ते एक शब्द फुकट घालवीत नाही. पाल्हाळ शिकविला जातो. आपल्या परीक्षांत 'पुरवणी' नावाची जी संस्था आहे ती या विद्येची गंगोत्री होय. कोणी किती पुरवण्या जोडल्या यावरून परीक्षागृहाबाहेर मुलांचे मोठेपण ठरते. पाच गुणांच्या प्रश्नास अमुक इतक्या ओळी पाहिजेत, हा हिशेब खाजगी वर्गांतून घोकविला जातो. निबंधाच्या मार्गदर्शक पुस्तकात 'पावसाळ्यातील एक दिवस' हा पाऊस न पाहताच तयार मिळतो. आरंभी एखादे सुवचन, मध्ये थोर पुरुषांची नामावळी, शेवटी देशाच्या उज्ज्वल भवितव्याविषयी आशा, या साच्यातून दहा-बारा वर्षे निघालेल्या मुलास अचानक कोणी विचारले की, बाळ, तू स्वतः काय पाहिलेस, काय केलेस, ते सांग. तर तो बिचारा गोंधळून सुवचनच लिहू लागतो. त्याने लिहिलेल्या बाराशे शब्दांतील आठशे शब्द त्याचे नसतातच. ते साच्याचे असतात. ते गेले म्हणून त्याच्या व्यक्तित्वाचा लोप होतो, ही ओरड म्हणून निराधार आहे.

महाराष्ट्रातील मनुष्याने अमेरिकेच्या महाविद्यालयाकडे केलेल्या अर्जांत सर्वांत संस्मरणीय असा अर्ज १८८३ सालचा आहे. तो आनंदीबाई जोशी यांचा. त्यांच्या लेखणीचे व वाणीचे दोन नमुने त्याच वर्षातील आहेत, आणि ते शेजारी ठेवून पाहणे फार उद्बोधक आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयात त्यांनी जाहीर भाषण केले. त्यात त्यांनी आपणास वारंवार विचारले जाणारे सहा प्रश्न घेतले. अमेरिकेस का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकट्या का जाता? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत काय? तेथे काही संकट ओढवले तर काय कराल? जे कोणा स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करावे? या प्रत्येकास त्यांनी सविस्तर उत्तर दिले. चारच महिन्यांनी, जूनमध्ये, त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. त्या पत्राचा जो भाग आजही वाचला जातो तो पाहावा. आपल्या मित्रांचा व जातीचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने आपण येथवर आलो तो निश्चय पुढेही कामी येईल. आपल्या देशभगिनी पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करितात, त्यांच्यासाठी ही विद्या पाहिजे. स्वतःसाठी आपण काही मागत नाही. एवढेच त्यात आहे. महाविद्यालयाने त्यांस घेतले, आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या वैद्यकीच्या पदवीधर झाल्या.

सहा प्रश्नांतील पाच कोठे गेले? ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचे प्रश्न होते, ते श्रीरामपुरात राहिले. जातीबाहेर टाकतील काय, याची पेनसिल्व्हेनियाच्या दाराशी चर्चा करण्याचे कारण नव्हते. विरोधाचा एक उल्लेख पुरेसा होता. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आनंदीबाईंचे मूल जन्मानंतर थोड्याच दिवसांत दगावले होते. वैद्यकीकडे वळण्यास त्या दुःखाचा संबंध नंतरच्या चरित्रकारांनी लावला, आणि तो योग्यच आहे. परंतु पत्राच्या या प्रसिद्ध भागात त्याचा उच्चारदेखील नाही. आजचा सल्लागार त्यांस म्हणाला असता, बाई, आरंभ त्या मुलापासूनच करा. सांगण्यासारखे पुष्कळ असूनही आपणास येथे कशासाठी उभे केले आहे हे ज्या अठरा वर्षांच्या मुलीस कळले, तिचा अर्ज आखूड करण्यास कोणा मध्यस्थाची गरज पडली नाही.

मध्यस्थांचा विषय निघालाच आहे तर आमचा खरा रोख तिकडेच आहे, हे सांगून टाकतो. मर्यादा वाईट नाही. ती पाळण्याचे काम परक्या हाती देणे वाईट आहे. मानोरा तालुक्यातील एका तांड्यावरच्या मुलीचा निबंध आमच्या पाहण्यात आला. भूगर्भातील पाण्याचा अभ्यास तिला करावयाचा होता. तिने लिहिलेला मूळ मजकूर अकराशे शब्दांचा. एका मोठ्या शहरातील प्रवेश-सल्लागाराने फी घेऊन तो ६४८ शब्दांवर आणला होता. आम्ही तो वाचला. त्यात नेतृत्व होते, चिकाटी होती, जगाचे भले करण्याची तळमळ होती. पाणी मात्र कोठे दिसेना. आम्ही तसे म्हणताच ती म्हणाली, "सर, त्यांनी विहीरच काढून टाकली. फार स्थानिक आहे म्हणाले."

मूळ मजकूर मागवून पाहिला तेव्हा नवव्या परिच्छेदात ती विहीर सापडली. वस्तीच्या दोन विहिरी. दोहोंत अंतर फार तर दोनशे पावले. एक माघातच आटे, दुसरी वैशाखापर्यंत टिके. हिने आजोबांच्या मदतीने दोराला हात-हात अंतरावर गाठी मारल्या आणि दोन वर्षे दर रविवारी दोन्ही विहिरींतील पाण्याची पातळी वहीत टिपून ठेवली. आपल्या भागातील काळ्या बेसाल्ट खडकात पाणी सर्वत्र सारखे नसते, ते भेगांत व वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात साठते, हे तिला पुढे पुस्तकात वाचावयास मिळाले. पण प्रश्न तिला वहीने घातला होता. एवढी हकीकत नव्वद शब्दांत होती. बाकीच्या हजार शब्दांत स्वप्नाविषयी थोरांचे एक सुवचन, विदर्भातील शेतीच्या दुर्दशेवर एक प्रवचन, त्या विद्यापीठाची त्याच्याच माहितीपत्रकातून उतरलेली स्तुती, आणि जी बक्षिसे अर्जात दुसरीकडे भरलेलीच होती त्यांची यादी. सल्लागाराने हे सर्व थोडेथोडे खरडून ठेविले होते आणि वही तेवढी फेकली होती. आम्ही म्हणालो, "तू विहीर ठेव आणि बाकीचे काढ." ती म्हणाली, "पण सर, मग फारच थोडे उरते." तिला वाटणारी ही भीतीच सगळ्या रोगाचे मूळ आहे. उरलेल्या जागेत त्या दोन वर्षांत काय चुकले, पावसाळ्यात दोर कसा बदलावा लागला, आजोबांचा तर्क कोठे बरोबर व कोठे चूक ठरला, हे लिहावयास तिला भरपूर अवकाश मिळाला. आणि तो मजकूर जगात दुसरे कोणीही लिहू शकले नसते.

सल्लागार महाग पडतो म्हणून हल्ली पुष्कळजण यंत्राकडे धाव घेतात. बाराशे शब्द त्यात टाकावे, ६५० मागावे, क्षणात हातात पडतात. 'कॉमन ॲप्लिकेशन'च्या नियमांत यंत्राने निर्माण केलेला मजकूर आपला म्हणून देणे ही फसवणूक मानली आहे, हे तर आहेच. पण नियम नसता तरी आमचे मत हेच असते. यंत्रास ती वही व ते सुवचन यांतील भेद कळण्याचे साधन काय? ते दोहोंसही सारखेच दाबून लहान करिते. ते गुळगुळीत होते, आखूड होते, आणि कोणाचेही होऊन बसते. काय गाळावे हा निवाडा हीच या निबंधाची परीक्षा आहे. तो निवाडा दुसऱ्याकडून करून घेणे म्हणजे परीक्षेस दुसऱ्यास बसविणे होय.

तर मग छाटावे कसे? आपल्या शेतकऱ्यास हे शिकवावे लागत नाही. कपाशी किंवा तूर दाट उगवली म्हणजे तो विरळणी करितो. विरळणी करिताना तो प्रत्येक रोपाचा शेंडा बोटभर खुडीत बसत नाही. जे रोप राहावयाचे नाही ते मुळासकट उपटतो, आणि जे राहावयाचे त्यास हात लावीत नाही. लेखनातही हाच न्याय. प्रत्येक वाक्यातील एक विशेषण काढून बाराशेचे साडेसहाशे करू पाहणारा सगळे शेत खुरटवितो. परिच्छेदच्या परिच्छेद उपटावे. जो मजकूर दुसऱ्या उमेदवाराच्या नावावर खपेल तो प्रथम जावा. जो अर्जात अन्यत्र आलेला आहे तो दुसरा जावा. वाचणारास त्याच्याच घराची माहिती देणारा तिसरा. इतके झाल्यावर बहुधा साडेसहाशेहून कमीच शब्द उरतात, आणि मग खरे लिहिणे सुरू होते. आपणास लहानपणापासूनच निसर्गाची व पर्यावरणाची अत्यंत ओढ असून त्याविषयी सखोल अभ्यास करण्याची मनीषा आहे, हे वाक्य ठेवावे, की चौदाव्या वर्षी मी दोराला गाठी मारल्या, हे ठेवावे, याविषयी ज्यास शंका असेल त्याने अर्जाची फी वाचवावी हे बरे.

शेवटी पालकांस दोन शब्द. मुलाचा निबंध लांबला म्हणून विद्यापीठावर रागावू नका आणि तो छापखान्यात कागद कापावा तसा कापून आणण्यासाठी कोणाकडे पैसे मोजू नका. मुलास समोर बसवा, कागद बाजूला ठेवावयास सांगा, आणि त्याने काय पाहिले व काय केले ते त्यास मराठीत, बंजारा बोलीत, वऱ्हाडीत, ज्या भाषेत तो घरी भांडतो त्या भाषेत सांगू द्या. मध्येच सुवचन आले तर थांबवा. त्याच्या बोलण्यात जेथे दिवस, वार, माणूस, हत्यार, चूक यांची नावे येऊ लागतील तेथून निबंधास आरंभ झाला असे समजा. हे काम एका रात्रीचे नाही. दहा वेळा लिहून नऊ वेळा टाकावे लागेल, आणि टाकलेल्या पानांचे दुःख करण्याचे कारण नाही. साडेसहाशे शब्दांची वेस ओलांडून जे बाहेर जाते त्यातील फारच थोडे त्या मुलाचे असते. जे आत राहते ते त्याच्या स्वतःच्या हाताने निवडलेले असले, तर परदेशचे दार उघडो वा न उघडो, आपल्या आयुष्यात आपले काय आहे हे त्यास कळून चुकलेले असेल. आणि ते पुरवण्यांच्या ढिगातून कोणासही कळलेले आम्ही पाहिलेले नाही.